ओली पाठ

देवउठनी ग्यारसला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, इंदुरात लग्नांचा हंगाम उघडतो आणि त्या दिवशी शहरातलं एकही मॅरेज गार्डन रिकामं सापडत नाही. ग्यारसला बारा दिवस उरले होते तेव्हा बायपासवरच्या गार्डनचा मॅनेजर ऋषभ याचा सकाळी सातलाच फोन आला. मोठ्या लॉनवर ताटाएवढे तपकिरी चट्टे उठलेत, रोज वाढताहेत, काय मारायचं ते औषध मारा आणि ग्यारसच्या आत लॉन हिरवं करून द्या, असं त्याचं म्हणणं. संताजी जगदाळे 'हो' म्हणाला. फोन बंद झाल्यावरही तो कानाशी धरून तसाच बसून राहिला.

हल्ली तो सगळ्यालाच हो म्हणायचा. या वेळी अडचण एवढीच होती की औषध मारायला पंप नव्हता. जुना होता, गार्डनच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत, श्रावणात ठेवला तसा. पण त्याला कुणी हात लावत नव्हतं.

जगदाळ्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, असं घरात सांगत. आजोबा मिलमध्ये लागले. वडिलांनी आयुष्यभर लोकांच्या बंगल्यांत बागा लावल्या. त्यांच्या हाताखाली गवत लावायला शिकलेले हे दोघे भाऊ, संताजी आणि त्याच्याहून दहा वर्षांनी धाकटा यशवर्धन, शहरातल्या लॉनच्या देखभालीची कामं घेत. संताजीने लग्न केलं नव्हतं. सुदामा नगरच्या घरात वरच्या खोलीत तो राहायचा. खाली यशवर्धन, त्याची बायको अस्मिता आणि भंवरकुआंला कोचिंगला जाणारी त्यांची मुलगी श्रेया. दोन्ही वेळचं जेवण खालीच, सगळ्यांचं एकत्र.

श्रावणात त्याच बायपासच्या लॉनला हुमणी लागली होती. ही मातीतली पांढरी अळी गवताची मुळं खाते आणि तिच्यासाठी औषध कडक लागतं. पाठीवरच्या पंपाच्या झाकणाचं रबरी वाशर फाटलं होतं. नवं आणायला छावणीच्या बाजारापर्यंत जावं लागलं असतं. संताजीने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिथे बसवली आणि पंप भावाच्या पाठीवर चढवला. तिसऱ्या टाकीला यशवर्धन जवळ येऊन म्हणाला, "दादा, पाठ ओली होऊन राहिली."

संताजी गवत कापायच्या मशीनचं पातं घासत बसला होता. त्याने मान वर केली नाही. "दोनच टाक्या राहिल्यात," तो म्हणाला. "उरकून घे."

यशवर्धनने उरकलं. अंगातला शर्ट तसाच ठेवून ओट्यावर बसून डबा खाल्ला. चारच्या सुमारास त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली, घामाने तो निथळला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. नऊ दिवस तो आयसीयूत होता. वाचला. घरी आणला तेव्हा श्रेयाने दारात रांगोळी काढली होती. मग दोन आठवड्यांनी त्याच्या पायांची बोटं झिणझिणायला लागली, पाठोपाठ हातांची. झिणझिण्या थांबल्या तेव्हा बोटांतलं सगळंच थांबलं होतं. औषधाने नसा दुखावल्यात, असं डॉक्टर म्हणाले. काही महिन्यांत संवेदना परत येईल, किंवा थोडी येईल, किंवा येणारही नाही. तेव्हापासून तो काठी घेऊन चालायचा. पाऊल उचललं की पंजा लोंबायचा आणि फरशीवर फट्कन पडायचा. घरात तो कुठे आहे हे आता आवाजावरून कळायचं.

या सगळ्यात संताजीला एकदाही रडू आलं नाही. दवाखान्यात त्याने फॉर्म भरले, औषधं आणली, रात्री बाकावर बसून राहिला. नातेवाइकांनी त्याचं कौतुक केलं, थोरला भाऊ किती खंबीर आहे म्हणून. तो ऐकून घ्यायचा. खंबीर वगैरे तो नव्हता. आत काही हलतच नव्हतं, एवढंच. चहा पिऊन झाल्यावर कुणी विचारलं असतं की गरम होता का गार, तर त्याला सांगता आलं नसतं. कामं सगळी होत होती. गवत कापलं जात होतं, कडा सरळ येत होत्या. मात्र ती दोन वाक्यं, भावाचं एक आणि त्याचं एक, त्या दोघांपैकी कुणीच पुन्हा उच्चारली नव्हती. अस्मिताला एवढंच माहीत होतं की पंप गळला.

ऋषभचा फोन आला त्या दिवशी जेवताना संताजी म्हणाला की छावणीत जाऊन पंप घेऊन येतो. अस्मिताचा पोळी वाढणारा हात थबकला. यशवर्धन चमच्याने वरणभात खात होता. बोटांना घास कळत नसल्यामुळे हल्ली तो चमचाच वापरायचा. त्याने चमचा ठेवला.

"मी येतो," तो म्हणाला.

अस्मिताने विचारलं की कशासाठी, पंप घरी नाही का येणार. त्यावर तो म्हणाला की बघूनच घ्यायचा आहे. दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये मागच्या सीटवर तीही येऊन बसली होती.

छावणीतलं ते दुकान शिखा नावाची चाळिशीची बाई चालवायची. वडील वारल्यावर तिने गल्ला हातात घेतला होता. बी-बियाणं, औषधं, पाइप, आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पाठीवरचे पंप. निळे, हिरवे, पिवळे. संताजीने आत शिरल्या शिरल्या सगळ्यात जवळच्या निळ्याकडे बोट दाखवलं आणि हा द्या म्हणाला.

"थांब दादा," यशवर्धन म्हणाला. शिखाने त्याची काठी पाहिली, स्टूल पुढे सरकवलं. तो बसला आणि मग एकेक विचारू लागला. ते काम किती बारकाईचं आहे, हे संताजीला वीस वर्षांत कधी जाणवलं नव्हतं, कारण ते दोघे नेहमी असेल तो पंप उचलत आले होते.

हाताने दांडा मारायचा पंप हलका, शिखा सांगत होती, आणि बिघडला तर रस्त्यावरचा कुणीही दुरुस्त करून देतो. बॅटरीचा जड, पण दाब एकसारखा. यशवर्धनने हिशेब मांडला. मोठं लॉन म्हणजे सहा टाक्या. दांडा मारून मारून माणूस थकतो, थकला की दाब उतरतो, आणि मग अर्ध्या लॉनला औषध जास्त लागतं, अर्ध्याला कमी. म्हणजे बॅटरीचाच. पण बॅटरी मध्येच बसली तर? त्यासाठी दोन्हीचा, बॅटरीही आणि बाजूला दांडाही. तसे तीन होते. शिखाने तिन्ही खाली काढले. सोळा लिटरची टाकी पूर्ण भरली तर पंपासकट बावीस किलो होतात, हे तिने आपणहून सांगितलं. यशवर्धन म्हणाला, बाराच भरू, दोन खेपा वाढतील.

मग त्याने पहिल्या पंपाचं झाकण काढून मागितलं. आतलं वाशर नखाने उचकटून बघावं, ते त्याला जमेना. बोटं वाशरवर होती की हवेत, हे त्याला बघूनच ठरवावं लागत होतं. शेवटी त्याने झाकण तोंडाजवळ नेलं आणि वाशर खालच्या ओठावर दाबून पाहिलं, आई बाळाचं दूध किती गरम आहे ते बघते तसं. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. "हे कडक आहे," तो म्हणाला. "दोन महिन्यांत चिरेल." दुसऱ्याचं नरम निघालं. तिसऱ्याचंही.

त्यानंतर त्याने पट्टे मांडीवर घेतले. खांद्यांवरचे दोन आणि छातीवर दोघांना जोडणारा एक, मध्ये प्लास्टिकची चाप. तो ती चाप उघडायला लागला. अंगठा घसरत होता. दोनदा, तीनदा, पाचदा. अस्मिता पुढे झाली तेव्हा त्याने मान हलवून तिला थांबवलं. शिखा म्हणाली, "भिया, आप क्यों परेशान हो रहे हो, इनको पहनना है ना?" तिने संताजीकडे हात केला.

"माझ्या हातांनी जो उघडेल," यशवर्धन तिला म्हणाला, "तो कोणाच्याही हातांनी उघडेल. कितीही हालत खराब असली तरी." हे त्याने मराठीतच सांगितलं, पण ती समजली आणि तिने दुसरा पंप पुढे सरकवला. दुसऱ्या पंपाची चापही तशीच निघाली, बारीक, दोन बाजूंनी चिमटीत धरायची. तिसऱ्याची चाप रुंद होती, वर लाल बटण. यशवर्धनने तळहाताच्या टाचेने ते दाबलं आणि पट्टे दोन्हीकडे सुटून पडले. त्याने पुन्हा लावून घेतले, पुन्हा दाबलं. चारदा. चारही वेळा पट्टे सुटले.

संताजी हे सगळं बघत होता. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. त्याने वाट पाहिली. भिंतीवर एका कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर टोमॅटोचं चित्र होतं. ते तो बघत राहिला.

"पाणी भरा," यशवर्धन म्हणाला. "दादा, घाल."

दुकानामागच्या नळावर तिसऱ्या पंपात पाणी भरलं. संताजीने तो पाठीवर घेतला. खाली वाक, पूर्ण वाक, पायाला हात लाव, असं यशवर्धन सांगत गेला आणि तो वाकत गेला. झाकणाच्या मधोमध हवा आत घ्यायला एक बारीक भोक होतं. तिथून पहिला थेंब त्याच्या मानेवर पडला. मग दुसरा. मग एक धार कॉलरच्या आत शिरून कण्यावरून खाली उतरली. गार पाणी होतं. ते कुठून कुठे चाललंय हे त्याला बारीकसारीक कळत होतं, आणि तो उठला नाही. कुणी तरी सांगेपर्यंत वाकून राहायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पाणी कमरेच्या पट्ट्यात शिरलं. समोर फरशीवर त्याच्या स्वतःच्या चपला होत्या आणि त्यांच्या पलीकडे भावाचे दोन पाय, स्टुलाखाली आत वळलेले.

"दादा, उठा," अस्मिता म्हणाली. "गळतोय ते दिसलं."

शिखा ओशाळली. झाकण बदलून देते म्हणाली. यशवर्धनने ऐकलं नाही. तिने आतून त्याच बनावटीचा दुसरा काढून आणला. त्यातही पाणी भरलं, संताजी पुन्हा वाकला. या वेळी बराच वेळ वाकायला लावलं त्याला यशवर्धनने. एक थेंब आला नाही. तोच घेतला. सोबत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा रेनकोट आणि लॉनवर सारखा पडेल असा चपट्या फवाऱ्याचा नोजल. निघताना शिखाने बजावलं की तण मारायचं औषध या टाकीत कधीही घालू नका. कितीही धुतलं तरी अंश राहतो आणि पुढच्या खेपेला चांगलं गवत जळतं. त्याला वेगळा पंप ठेवा आणि त्याच्यावर रंगाने लिहून टाका. अस्मिताने ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते गार्डनवर पोचले. यशवर्धनसाठी मंडपवाल्यांची एक प्लास्टिकची खुर्ची लॉनच्या कडेला ठेवली. दव वाळेपर्यंत थांबायचं होतं. तेवढ्या वेळात त्याने भावाकडून पार्किंगच्या फरशीवर नुसत्या पाण्याने फवारणी करवून घेतली. चुन्याने एक चौकोन आखला, त्यावर संताजीला चालवलं आणि किती पाणी संपलं ते अस्मिताला मोजायला लावलं. पहिल्या खेपेला पाणी फारच कमी संपलं. "तू पळतो आहेस दादा," तो म्हणाला. "चाल. कोणाची बारात नाही निघालेली." दुसऱ्या खेपेला जास्त संपलं. चौथ्याला जमलं. नोजल गुडघ्याच्या उंचीवर धरायचा, वर-खाली होऊ द्यायचा नाही, आणि मारलेल्या पट्ट्यावर पाय पडू नये म्हणून वारा पाठीशी घेऊन कोरड्या बाजूकडे सरकत जायचं.

चट्टे बुरशीचे होते. तिच्यावरच्या औषधाची पावडर अस्मिताने मोजली. आधी मगात थोड्या पाण्यात कालवून तिची पातळ पेस्ट केली, मग बादलीत ढवळली आणि फडक्यातून गाळून टाकीत ओतली, म्हणजे नोजल तुंबू नये. झाकण लावलं. वरून दाबून पाहिलं. टाकी फडक्याने कोरडी पुसली. संताजी खाली बसून पट्ट्यांत हात घालून उठला. बारा लिटरचं वजन खांद्यांवर आलं, ते वजन आहे हे त्याला समजलं, आणि तो चालू लागला.

प्रत्येक टाकी संपली की तो खुर्चीपाशी यायचा. यशवर्धन नुसती अस्मिताकडे मान करायचा. ती हातमोजा काढायची, हात धुवायची आणि संताजीच्या रेनकोटखालून, शर्टावर पाठीच्या मधोमध पंजा ठेवून बघायची. "कोरडी," ती म्हणायची. मग पुढची टाकी. थोरल्या दिराच्या पाठीवर हात ठेवायचा संकोच तिला पहिल्या टाकीला वाटला असावा, दुसरीला दिसला नाही. सात वेळा तिने हात ठेवला. सातही वेळा कोरडी निघाली.

साडेनऊला आठवी टाकी भरायच्या आत वारा सुटला. गेटवर लावलेल्या झालरी एका बाजूला उडायला लागल्या. यशवर्धनने काठी वर केली आणि बस म्हणाला. ऋषभ ऑफिसातून बाहेर आला. त्याला समजेना. लॉनची फक्त मागची पट्टी राहिलीय, तिच्यावर टेन्ट लावायला बाराला टेन्टवाले ट्रक घेऊन येताहेत, त्यांना थांबवता येणार नाही, एवढं मारूनच टाका, असं तो संताजीला सांगत होता. फवारा उडून तिकडे किचनच्या शेडमध्ये जाईल, असं यशवर्धन खुर्चीतूनच म्हणाला. ऋषभने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो संताजीच्या 'हो'ची वाट बघत उभा राहिला.

संताजीने लाल बटण दाबलं. पट्टे सुटले. पंप गवतावर ठेवून तो ऋषभला म्हणाला की आज होणार नाही, राहिलेलं उद्या पहाटे बघू, आणि टेन्ट लागला तर ती पट्टी तशीच राहील. ऋषभ कुणाला तरी फोन लावत आत गेला.

नळावर हात आणि तोंड साबणाने धुऊन संताजी भावाच्या खुर्चीपाशी गवतावर येऊन बसला. अस्मिता पलीकडे नळाखाली मग आणि फडकं धूत होती. चहावाल्याला सांगितलं होतं, तो अजून आला नव्हता.

"यश," संताजी म्हणाला. "त्या दिवशी तू मला म्हणाला होतास, पाठ ओली होऊन राहिली."

यशवर्धन समोर बघत होता. "म्हणालो होतो."

"मी ऐकलं होतं."

"माहीत आहे."

"मी म्हणालो, दोनच टाक्या राहिल्यात. उरकून घे."

नळाचा आवाज बंद झाला. अस्मिता तिथेच उकिडवी बसून होती, धुतलेला मग हातात धरून.

यशवर्धनने काठी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "मी पण काही छोटा बच्चा नव्हतो दादा. पंप खाली ठेवता आला असता मला. नाही ठेवला. लहानपणापासून तू म्हणशील ते करायची आदत आहे." त्याने आपल्या पायांकडे बघितलं. "राग येतो. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवतो न, फरशी लागत नाही, तेव्हा येतो. जाईल की नाही, सांगता नाही येत मला. पण तू दुकानात जाऊन जो समोर दिसेल तो पंप उचलून आणशील, हे दिसत होतं. म्हणून आलो."

संताजीला वाटलं होतं की हे बोलून झाल्यावर काही तरी फुटेल. इतके महिने त्याला तीच भीती होती, आणि कधी कधी आशाही. काही फुटलं नाही. तो गवतात हात टेकून बसला होता. गवत ओलसर होतं, औषधाचा वास येत होता, गेटवरच्या झालरी उडत होत्या. त्याने मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

अस्मिता उठून दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. ती कुणाकडे बघत नव्हती. "तीन महिने," ती म्हणाली, "मी त्या पंपाला शिव्या देऊन राहिले होते."

एवढं बोलून ती पंप उचलून घेऊन गेली. तिने तो तीनदा धुतला. प्रत्येक वेळी स्वच्छ पाणी भरलं, हलवलं, नोजलमधून सोडलं, आणि ते धुवण नालीत न जाऊ देता कुंपणाच्या आतल्या, औषध मारून झालेल्या कडेला उडवलं. नोजल उघडून तो पाण्यात बुडवला. झाकण वेगळं वाळत ठेवलं. चहावाला आला, तीन कप ठेवून गेला. अस्मिताचा तसाच गार झाला.

राहिलेली पट्टी दुसऱ्या दिवशीही झाली नाही, कारण आदल्या संध्याकाळपर्यंतच तिथे टेन्ट उभा राहिला होता. ग्यारसला तिथे लग्न लागलं. बाकीचं लॉन बऱ्यापैकी सावरलं होतं. मागची पट्टी तपकिरीच राहिली, तिच्यावर मंडपवाल्यांनी गालिचा अंथरला. ऋषभने नंतर त्याबद्दल काही विचारलं नाही.

अस्मिता संताजीशी बोलायची थांबली. दोन्ही वेळचं ताट वाढायची, त्यात काही कमी नसायचं, पण 'दादा, भाजी घ्या' हे बंद झालं. श्रेयाच्या ते लक्षात आलं आणि तीही मुकाट जेवायला लागली. औषध मारायचं असलं की मात्र अस्मिता व्हॅनमध्ये येऊन बसायची. पावडर मोजायची, पाठीवर हात ठेवायची. 'कोरडी' हा एवढा एकच शब्द ती त्याच्याशी बोलायची. संताजी त्या शब्दाची वाट बघायला लागला होता. रात्री त्याची झोप उडाली. इतके महिने तो दगडासारखा झोपत आला होता, आणि आता पहाटे तीनपासून छताकडे बघत पडायचा.

संक्रांतीच्या चार दिवस आधी, दुपारी, ती जिना चढून वर त्याच्या खोलीत आली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती तिथे फार तर पाच-सात वेळा आली असेल. तो उठून उभा राहिला. ती दारातच थांबली.

"मी तुम्हाला घर सोडून जा म्हणून सांगणार होते," ती म्हणाली. "यशशी बोलले. तो नाही म्हणाला. त्याच्यासाठी मी थांबले, तुमच्यासाठी नाही. हे तुम्हाला माहीत असू द्या."

"बरं," संताजी म्हणाला.

"आणखी एक. औषधाचं काम यापुढे माझ्याकडे. कोणतं आणायचं, किती घालायचं, कधी मारायचं, ते मी आणि यश ठरवू. पंपही मीच पाठीवर घेईन. बारा लिटर मला झेपतात, परसों भरून बघितलंय. तुम्ही गवत कापा."

संताजीला सांगायचं होतं की ते काम बाईमाणसाचं नाही, जड आहे, विषारी आहे. पण ते सांगायचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, हे त्याला बोलायच्या आधीच कळलं. त्याने मान हलवली. ती जिना उतरून गेली. ती गेल्यावर तो खाटेवर बसला आणि उशाजवळच्या तांब्यातलं पाणी प्यायला. ते गार आहे, हे त्याला कळलं.

यशवर्धनच्या डाव्या टाचेला तोवर थोडं कळायला लागलं होतं. गरम फरशी आणि गार फरशी तो ओळखू शकायचा. उजवा पाय आणि दोन्ही हात होते तसेच होते. डॉक्टर म्हणाले, वाट बघा.

संक्रांत झाल्यावर त्यांना एका बंगल्याचं लॉन मिळालं. सकाळी तिघे गेले. यशवर्धन ओसरीच्या पायरीवर बसला. अस्मिताने रेनकोट घातला, केस बांधून टोपीत घातले, हातमोजे चढवले. खाली बसून तिने पट्ट्यांत हात घातले आणि एका दमात उठली. क्षणभर ती मागे झुकली, मग तिने पाय रोवले. यशवर्धनने तिला दोनदा वाकायला लावलं. मग म्हणाला, चल.

संताजी दुसऱ्या टोकाला मशीन चालवत होता. ती पट्टा संपवून त्याच्याजवळून वळली तेव्हा थांबली, मास्क खाली घेतला आणि बोटाने दाखवलं. कुंपणाच्या कडेने वीतभर रुंदीचं गवत सुटलं होतं.

"तिकडचं राहिलंय," ती म्हणाली.

संताजीने मशीन मागे घेतली आणि ती पट्टी कापून काढली.